खोगीर चढण्याआधी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत फार्महाउसांच्या कुंपणांमागे हल्ली काही ठिकाणी घोडे दिसतात. वाळू पसरलेलं मैदान, त्याला लाकडी कठडा, कडेला उंच पत्र्याखाली घोड्यांच्या खोल्या. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी रपेट शिकायला येतात. काहींचे स्वतःचे घोडे असतात, ते महिन्याचे पैसे भरून इथेच ठेवलेले असतात.

अशाच एका पागेत चौक गावचा एक तरुण शेतकरी पेंढ्याचा टेम्पो घेऊन आला होता. पेंढा उतरवणं हे एक काम, आणि मनात दुसरं. रस्त्याला लागून त्याची दीड एकर जमीन आहे. भातात काही उरत नाही, तर तिथे दहा घोड्यांची पागा काढावी, असा त्याचा बेत. पागेची व्यवस्था पाहणाऱ्या पशुवैद्य बाई तीस वर्षं घोड्यांत वावरलेल्या. त्यांनी आधी त्याच्या गाडीतली एक पेंढी सोडली, आत हात घातला आणि वास घेतला.

“परतीच्या पावसात भिजला होता ना हा?”

“थोडासा, मॅडम. पण वाळवलाय की. हात लावून बघा.”

“वरून वाळलाय. आत बुरशी आहे. घोडा रात्रभर यात नाक खुपसून उभा राहणार. बुरशीची पूड फुप्फुसात गेली की खोकला धरतो आणि तो बरा व्हायला महिने लागतात. चांगल्या पेंढ्या वेगळ्या काढून दे, त्या घेते.”

“आमचे बैल खातात हाच पेंढा.”

“बैल रवंथ करतो. त्याच्या पोटाला चार कप्पे. घोड्याचं जठर लहान, दहा-पंधरा लिटरचं. खरं पचन मागच्या मोठ्या आतड्यात होतं. तिथे पेंढा गच्च बसला की रस्ता बंद. म्हणून भाताचा पेंढा इथे अंथरायला. खायला सुकं गवत आणि घाटावरून येणारा लसूणघास.”

तरुणाने मोबाइल काढला आणि लिहायला सुरुवात केली. त्याला हिशेब हवा होता. बाईंनी मात्र हिशेबाच्या आधी एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की करायची ठरवली होती.

“मोकळा घोडा काय करतो माहितीये? दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. चरता चरता मैलोनमैल चालतो. आणि हे सगळं कळपात. आपण त्याला बारा बाय बारा फुटांच्या खोलीत उभा केला, म्हणजे चरणं गेलं, चालणं गेलं, कळप गेला. पागेत पहाटेपासून रात्रीपर्यंत जे चालतं ते या तीन गोष्टी त्याला होतील तेवढ्या परत देण्याचं काम आहे. रपेट त्यातली तासाभराची.”

“मग सकाळी पहिलं काय?”

“साडेपाचला येऊन नुसतं बघायचं. रात्रीचं गवत संपलं का, पाणी किती कमी झालं, लीद किती वेळा पडली. चांगला घोडा दिवसात आठ-दहा वेळा लीद टाकतो. गव्हाणीत गवत तसंच पडलंय आणि खोलीत लीद कमी आहे, तर तिथेच थांबायचं. खाणं देण्याआधी त्याच्या कुशीला कान लावायचा.”

त्यांनी त्याला एका तांबूस घोड्याजवळ नेलं. समोरून नाही, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. त्या दोन जागांतून अचानक कोणी आलं की तो आधी लाथ झाडतो किंवा उधळतो. बाईंनी तरुणाचं डोकं घोड्याच्या कुशीला टेकवलं.

“गुरगुरतंय,” तो म्हणाला.

“गुरगुरायलाच हवं. पोट शांत झालं तर आपली धावपळ सुरू. घोड्याला ओकता येत नाही. अन्ननळी जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत वर येत नाही. त्यामुळे गॅस, अडकलेला चारा, पीळ पडलेलं आतडं, सगळं आतल्या आत. पोटशूळ म्हणतात तो हाच. घोडा सारखा पोटाकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो. मग नाडी बघायची. स्वस्थ उभ्या घोड्याची मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस. साठच्या वर गेली आणि हिरड्यांचा गुलाबी रंग उतरला तर एक मिनिट घालवायचं नाही. तुझ्या जागेवर रात्री दोन वाजता घोड्याचा डॉक्टर किती वेळात पोचेल, हे पहिलं लिही.”

त्याने लिहिलं.

चाऱ्याचं गणितही याच पोटातून निघतं. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज आठ-नऊ किलो सुका चारा लागतो. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र झिरपतं, मग पोटात चारा असो वा नसो. रिकामं राहिलं की तेच आम्ल जठराला जखमा करतं. म्हणून गवत थोडं थोडं, पण सतत. हरभरा, ओट, जव यांची चंदी तीन-चार वेळांत वाटून द्यायची, कारण एका वेळी जास्त धान्य गेलं तर ते न पचता मागच्या आतड्यात जाऊन आंबतं. त्यातून खुरांच्या आतल्या थराला सूज येण्यापर्यंत मजल जाते.

“चंदी जास्त घातली म्हणून पाय सुजतात?” तरुणाला हे पटेना.

“पाय नाही, खूर. आंबलेल्या धान्यातून विषारी द्रव्यं रक्तात जातात आणि खुराच्या आतल्या नाजूक पापुद्र्यांवर त्याचा घाव बसतो. असा घोडा पुढचे पाय लांब करून, भार मागे टाकून उभा राहतो. लोक म्हणतात लाड केले. लाड म्हणजे मूठभर चंदी जास्त नव्हे, तासभर मोकळं सोडणं.”

तोवर घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांनी खरारा सुरू केला होता. खरारा अंगावरची धूळ काढतो, कातडीचं तेल वर आणतो. पण बाईंच्या लेखी त्याचं खरं मोल तपासणीत आहे. रोज तोच हात त्याच पायांवरून फिरला की एखाद्या सांध्याची ऊब वाढलेली, खोगिराखाली कातडी दुखरी झालेली लगेच कळते. मग चारही खूर उचलून आतली घाण खरवडून काढायची. खुराच्या तळाशी जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो तो प्रत्येक पावलाला दबतो आणि पायातलं रक्त वर ढकलायला मदत करतो. घोडा चालला नाही तर हे थांबतं, म्हणूनच दोन दिवस उभ्या ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजून येतात.

“नालबंद किती दिवसांनी?”

“पाच-सहा आठवड्यांनी. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो. नाल असला की झीज होत नाही, म्हणून काढायचा, खूर कापून सारखा करायचा, पुन्हा ठोकायचा. तू चौकचा ना? तुझ्या गावचे नेताजी पालकर शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे घोडदळाचे प्रमुख होते.”

“हो, गावात स्मारक आहे त्यांचं.” त्याची मान ताठ झाली.

“मग हे पण ऐक. सभासद बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. तलवारी-भाले नंतर, आधी पाणी आणि खूर. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार. आमच्याकडेही तेच दोन प्रकार आहेत. शाळेचे घोडे आणि मालकांचे घोडे. तुझ्याच खालापूर तालुक्यात उंबरखिंडीला फेब्रुवारी १६६१ मध्ये महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडलं. त्याआधी किती महिने कोणी त्या घोड्यांना पाणी पाजलं, खूर बघितले, याचा विचार कर.”

सात वाजता पहिली तुकडी आली. पनवेलहून आलेली आठ-दहा वर्षांची मुलं, डोक्याला शिरस्त्राण, पायांत टाचेचे बूट. टाच असली की पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. डाव्या बाजूने चढायचं. डाव्या कमरेला तलवार लटकवणाऱ्या स्वारांपासून ही रीत चालत आली आहे. नव्या मुलाचा घोडा शिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीवर गोल फिरतो आणि मुलाच्या हाती लगाम दिला जात नाही.

“लगाम नाही तर शिकणार काय?” तरुणाने विचारलं.

“बसायला. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात दात नसलेल्या फटीत, सरळ हिरडीवर बसते. तोल गेला की नवशिका लगाम ओढतो आणि सगळा भार त्या हिरडीवर येतो. असं शंभर मुलांनी केलं की घोड्याचं तोंड बधिर होतं. मग तो कोणाचंच ऐकत नाही आणि लोक म्हणतात घोडा हट्टी आहे. म्हणून आधी तोल, मग हात.”

मैदानात शिक्षकाने दुडकीचा इशारा दिला. सावकाश चालताना घोडा चार पायांचे चार ठोके देतो. दुडकीत पुढचा आणि मागचा पाय तिरक्या जोडीने पडतात, म्हणजे दोन ठोके. त्या हादऱ्यात मुलं एका ठोक्याला उठतात, दुसऱ्याला बसतात. त्यापुढच्या उसळत्या चालीत तीन ठोके, आणि भरधाव सुटला की पुन्हा चार. मुलं मोठ्याने मोजत होती: एक-दोन, एक-दोन.

“हे शिकून पुढे काय, मॅडम? शर्यत?”

“शर्यत वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण भारताला मिळालं. सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. १९८२ च्या दिल्लीनंतर घोडेस्वारीत एकेचाळीस वर्षांनी आलेलं सुवर्ण. ड्रेसाजमध्ये घोडा धावत नाही, उडी मारत नाही. स्वाराने जेमतेम दिसेल असा इशारा करायचा आणि घोड्याने त्या तालात पावलं टाकायची. चौघांनीही त्यासाठी युरोपात राहून सराव केला. पण सुरुवात अशीच, दोरीवर गोल फिरण्यापासून.”

बाईंनी त्याच्या अंगावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, “बसणाऱ्याचं वजनही बघावं लागतं. खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. साडेचारशे किलोचा घोडा, तर नव्वद किलो. रविवारी गिऱ्हाईक दारात पैसे घेऊन उभं असतं. त्याला नाही म्हणता आलं पाहिजे.”

“माझा मावसभाऊ माथेरानला घोडा चालवतो. तिथे येईल त्याला बसवतात.”

माथेरान कर्जत तालुक्यातच येतं. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि त्यातून ते थंड हवेचं ठिकाण झालं. डोंगरावर खासगी मोटारींना बंदी आहे, म्हणून चारशेहून अधिक परवानाधारक घोडे पर्यटकांना फिरवतात आणि त्यांवर शेकडो घरं चालतात. बाई माथेरानच्या घोडेवाल्यांना नावं ठेवायला तयार नव्हत्या.

“त्याच्या घोड्याला चालणं भरपूर मिळतं, आणि मालक दिवसभर शेजारी असतो. तुझ्या भावाला घोड्याचं एकेक पाऊल ओळखता येत असेल. त्याची अडचण ओझ्याची आणि चढ-उताराची. इथल्या मालकांच्या घोड्यांची अडचण बरोबर उलट आहे. उत्तम चारा, जाड अंथरूण, आणि मालक पंधरा दिवसांतून एकदा येतो. मंगळवारी, बुधवारी त्या घोड्याला कोण चालवणार? महिन्याचे पैसे घेतले की ते आपलं काम. रोज किमान काही तास मोकळ्या कुंपणात, तेही जोडीने. एकटा ठेवला तर काय होतं ते दाखवते.”

एका खोलीच्या दारावर घोडी डावीकडे-उजवीकडे डुलत होती. नवी आली होती. आधीच्या ठिकाणी वर्षभर खोलीतच होती. काही घोडे दाराची लाकडी कड दातांत धरून हवा ओढत राहतात, काही असे डुलतात. ही खोड शिक्षेने जात नाही. तिच्या आणि शेजारच्या खोलीमधली भिंत छातीपर्यंतच ठेवून वर गज लावले होते, म्हणजे नाकाला नाक लागावं. घोडा उभ्या-उभ्या डुलकी घेतो, कारण त्याच्या पायांतले सांधे स्नायूंना न थकवता अडकून राहू शकतात. पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं, आणि आसपास कोणी जागं आहे असं वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. जाड, कोरडं अंथरूण आणि शेजारी दुसरा घोडा, या दोन्हींची गरज तिथे असते.

“घोडे आणायचे कुठून?”

“बहुतेक शाळांत शर्यतीतून निवृत्त झालेले असतात. महालक्ष्मीला नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याला जुलै ते ऑक्टोबर, असा हंगाम चालतो. दोन-तीन वर्षांचा असताना धावायला लागलेला घोडा पाच-सहाव्या वर्षी रिकामा होतो. स्वस्तात मिळतो म्हणून लोक उचलतात. पण त्याला एकच शिकवलेलं असतं: लगाम ताणला की जोर लावायचा. आपलं पोर घाबरून लगाम ओढणार आणि तो सुटणार. त्याला मुलांखाली आणायला काही महिने ते वर्ष जातं, त्या काळात कमाई शून्य. मारवाडी, काठेवाडी पाहिजे तर दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आहे, तापीकाठी. तिथे रंग आणि नाच बघून घेतात. तू खूर, डोळे आणि दात बघ. आणि ग्लँडर्सची तपासणी झाल्याशिवाय गाडीत चढवू नकोस.”

ग्लँडर्स हा घोड्याकडून माणसाकडे येणारा, जीवावर बेतणारा जिवाणूंचा आजार. रक्ताच्या तपासणीत तो पक्का ठरला तर कायद्याने घोड्याला दयामरण द्यावं लागतं आणि आसपासच्या सगळ्या घोड्यांच्या हालचालींवर बंदी येते. म्हणून नवा घोडा आधी काही आठवडे वेगळा ठेवतात, त्याचं पाण्याचं भांडं आणि खराराही वेगळा.

दहा वाजता ऊन चढलं आणि मैदान रिकामं झालं. एप्रिल-मे महिन्यांत इथली दमट हवा घोड्याला सर्वांत जड जाते. घोडा आपल्यासारखाच घामाने अंग थंड करतो. हवेत ओल असली की घाम वाळत नाही. मोतद्दार घोड्यांच्या अंगावर पाणी ओतून ते निपटत होते आणि पुन्हा ओतत होते. पुढचं काम आता साडेचारनंतर.

“आणि पावसाळा?” तरुणाने विचारलं. इतका वेळ त्याने हा प्रश्न टाळला होता.

“पावसाळ्यातच इथली पागा टिकते किंवा बंद पडते. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ओल्यात उभं राहून खूर मऊ पडतो, तळाचा तो त्रिकोणी भाग सडतो, काळा, वास येणारा पू सुटतो. दिवसातून दोनदा खूर साफ करून कोरडे करायचे. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमधून सर्रा हा आजार येतो. ताप येतो-जातो, घोडा खातो तरी खंगतो, पाय आणि पोटाखाली सूज. ताप दिसला की रक्ताची काच तपासायची, वाट बघायची नाही. आणि मैदानात पाणी साचलं की कामच बंद, मग तेच घोडे खोलीत उभे. म्हणून आमच्या वाळूखाली खडी आहे, खडीखाली उतार आणि नळ. वरच्या वाळूपेक्षा खालचं काम महाग पडलं.”

तो आता भराभर बोटांवर मोजू लागला. दहा घोडे. रोज चारशे लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. ऐंशी-नव्वद किलो चारा. चार-पाच मोतद्दार, त्यांची राहायची सोय. आणि लीद?

“घोड्याची पंधरा-वीस किलो. दहांची दीडशे ते दोनशे, अंथरुणाचा पेंढा वेगळा. रोज. ती उचलली नाही तर माश्या, आणि माश्या म्हणजे सर्रा. पण तू शेतकरी आहेस, हे तुझं बळ आहे. मुरवलेली लीद भाताच्या शेतात घाल. शहरातून येऊन पागा काढणाऱ्यांना ती कुठे टाकायची हाच प्रश्न पडतो.”

“म्हणजे दीड एकरात दहा होतील?”

“खोल्या दहांच्या होतील, मोकळं सोडायला जागा उरणार नाही. चार ठेव. त्यातले दोन शाळेचे, दोन दुसऱ्यांचे. आधी कुंपण आणि निचरा, मग छप्पर, खोगीर सगळ्यांत शेवटी.”

त्यांच्या शेजारून एक मोतद्दार पांढऱ्या तोंडाच्या घोडीला हळूहळू चालवत गेला. तिची पाठ खाली झुकली होती, डोळ्यांवर खड्डे पडले होते. तरुणाने विचारलं, ही कोणाची?

“शाळेची. चोवीस वर्षांची आहे. चार वर्षं झाली, पाठीवर कोणाला घेत नाही. दात झिजलेत, म्हणून गवत भिजवून, बारीक करून द्यावं लागतं. नव्या घोड्याचे वेगळे ठेवायचे आठवडे संपले की त्याच्या शेजारी हिला बांधतो, तो लवकर शांत होतो. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो आणि विसाव्याच्या आसपास काम थांबतं. तू आज सहा वर्षांचा घोडा आणलास तर त्याची कमाई चौदा वर्षांची आणि पोट वीस-बावीस वर्षांचं. मालक पैसे भरायचे थांबले आणि घोडा इथेच सोडून गेले, असंही होतं. करारात ते आधी लिही.”

“चारांतला एक असा होणार म्हणजे.”

“आज ना उद्या चारही.”

तरुणाने मोबाइलवरचा हिशेब पुन्हा उघडला. दहाचा आकडा खोडून चार केला, कमाईच्या रकान्यातली वर्षं कमी केली आणि खर्चाची वाढवली. मग विचारलं, सोमवारी नालबंद येतो ना, मी सकाळी आलो तर चालेल का? बाई म्हणाल्या, सोमवारी घोड्यांना सुट्टी असते, माणसांना नसते; साडेपाचला ये, आणि पावसाळा संपेपर्यंत रोज आलास तर पगार देऊन ठेवीन.